गाडी उठत नाही? आधी तिचा आवाज ऐका



मी ठाण्यातल्या नौपाड्यात बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. आमचे शहरातले गट आणि शहापूर-मुरबाडकडचे तुमचे गट, यांची गाठ पडते ती मालामुळे. नाचणीचे पापड, कुरडया, मसाले, पावसाळा लागला की रानभाज्या, हे सगळं तिकडून येतं आणि इकडे विकलं जातं. पूर्वी हा माल एसटीच्या टपावरून नाहीतर लोकलच्या डब्यातून यायचा. आता काही गटांनी जुनी गाडी घेतली आहे, आणि दहातल्या आठ ठिकाणी ती मारुती ओम्नीच असते. आज मला त्या जुन्या गाडीच्या एकाच दुखण्याबद्दल बोलायचं आहे. सकाळी माल भरला, किल्ली फिरवली, आणि गाडी काही चालू होईना. मग काय करायचं?

तुम्ही म्हणाल, हे ड्रायव्हरचं काम, आपल्याला काय त्याचं? बघा हं. गाडी गटाच्या पैशातून घेतलेली, हप्ता गटाच्या खात्यातून जातो, डिझेल-पेट्रोलचा हिशोब आपण पै-पैचा ठेवतो. पण गाडी बिघडली की आपण दोन पावलं मागे सरतो आणि जो कोणी पुढे येईल तो सांगेल ती रक्कम देतो. मेकॅनिक काय म्हणतो ते खरं की खोटं हे विचारायला आपल्याकडे प्रश्नच नसतो. गाडी दुरुस्त करायला शिका असं मी म्हणत नाही. बिघाड कुठे आहे एवढं ओळखायला शिका. निम्म्या वेळा तो दहा नंबरच्या पान्याने आणि थोड्या खाण्याच्या सोड्याने निघतो.

आधी ही गाडी समजून घेऊ. मारुतीची व्हॅन 1984 साली आली, पुढे तिचं नाव ओम्नी पडलं आणि 2019 पर्यंत ती बनत होती. इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं, मारुती 800 ला असायचं तसंच. म्हणून तिचे सुटे भाग अजून कुठेही मिळतात आणि कुठल्याही नाक्यावरच्या मेकॅनिकचा हात तिच्यावर बसलेला असतो. हिला बॉनेट नाही, इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचलली की समोर. आपण पिंपावरचं झाकण काढतो तसं.

तिच्याही आधीची आपल्याकडची घरोघरची गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, जिला सगळे फियाटच म्हणत. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या कंपनीची ही गाडी, कुर्ल्याला बनायची. कल्याण-शीळ रस्त्यावर डोंबिवलीजवळही कंपनीचा कारखाना होता, आजही त्या भागाला लोक प्रीमियर म्हणूनच ओळखतात. मुंबईतली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. शेवटची टॅक्सी 2003 साली नोंदलेली होती आणि वीस वर्षांची मुदत संपली. पण घरगुती पद्मिनी अजून काहींच्या अंगणात उभ्या आहेत. आज मी जे सांगणार आहे त्यातलं बहुतेक तिलाही लागू पडतं.

पेट्रोलचं इंजिन म्हणजे एक चूल समजा. चुलीला लाकूड लागतं, वारा लागतो आणि काडी लागते. इंजिनात लाकडाच्या जागी पेट्रोल, वारा म्हणजे हवा, आणि काडी म्हणजे ठिणगी. यातलं एक जरी कमी पडलं तरी चूल पेटत नाही. फरक इतकाच की आपण चूल सकाळी एकदा पेटवतो; ओम्नीचं इंजिन जोरात पळत असताना, म्हणजे मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर, तीन सिलिंडर मिळून दर सेकंदाला पंचाहत्तर वेळा काडी ओढली जाते. आणि तीही ठरलेल्या क्षणाला. जरा मागे-पुढे झाली की गाडी धक्के खाते, फटफट आवाज काढते.

ही ठिणगी येते कुठून? बॅटरी असते 12 व्होल्टची. तेवढ्यात प्लगच्या टोकावर ठिणगी उडत नाही. म्हणून मध्ये एक कॉइल असते, दंडगोल डब्यासारखी. तिच्यात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी, एक थोड्या वेढ्यांचं आणि एक हजारो वेढ्यांचं. पहिल्या वेटोळ्यातला करंट अचानक तोडला की दुसऱ्यात पंधरा-वीस हजार व्होल्टचा झटका तयार होतो. करंट तोडण्याचं काम जुन्या गाड्यांत पॉइंट करतात. पॉइंट म्हणजे दोन बारीक टिकल्या, इंजिनाबरोबर उघडझाप करणाऱ्या. त्यांच्या शेजारी एक कंडेन्सर असतो, टिकल्या जळू नयेत म्हणून. नंतरच्या गाड्यांत पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक वस्तू आली. तयार झालेला झटका डिस्ट्रिब्युटरमध्ये जातो. तिथे रोटर फिरत असतो, पंगतीत वाढपी फिरतो तसा, आणि एकेका प्लगवायरला पाळीपाळीने वाढत जातो. वायरच्या टोकाला स्पार्क प्लग. तिथे ठिणगी.

ही बॅटरी-कॉइल-पॉइंटची रचना अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग या माणसाने शंभरएक वर्षांपूर्वी बसवून दिली. त्यानेच 1912 च्या कॅडिलॅक गाडीत बटणावर चालू होणारा सेल्फ आणला. त्याआधी गाडीच्या तोंडाला लोखंडी दांडा घालून फिरवावा लागे आणि तो उलटा बसला की मनगट मोडे. दांडा गेला तशी बायकांना एकटीने गाडी काढणं सोपं झालं. सेल्फ आणि ठिणगी ही दोन कामं वेगळी आहेत, दोन्हींना बॅटरी एकच लागते, एवढं लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावर आहे.

आता किल्ली फिरवा आणि कान द्या. मी तर म्हणते, रेडिओ बंद करा, बाजूच्यांना गप्प बसवा. चारजण चार सल्ले देत असतात, त्यात गाडीचा आवाज ऐकू येत नाही.

काहीच आवाज नाही, समोरचे लाल दिवेही लागत नाहीत, हॉर्न वाजत नाही: म्हणजे वीजच पोहोचत नाही. बॅटरी पूर्ण उतरली, नाहीतर तिची टोकं सुटली, नाहीतर मोठा फ्यूज गेला.

टक... टक... असा एकच आवाज, किंवा टकटकटक असा भरभर, पण इंजिन फिरत नाही: बॅटरी अशक्त आहे किंवा टोकं गंजली आहेत. हेडलाइट लावून किल्ली फिरवून बघा. दिवे एकदम मंदावले तर दोष बॅटरीत किंवा तिच्या जोडणीत शोधायचा. दिवे तसेच झगझगीत राहिले आणि नुसतं टक झालं तर सेल्फ किंवा त्याचा सोलेनॉइड संशयित.

इंजिन घुरंघुरं फिरतंय, जोमात फिरतंय, पण पेट घेत नाही: म्हणजे बॅटरी आणि सेल्फ दोन्ही ठीक. इथे काडी नाही किंवा पेट्रोल नाही. अशा वेळी कोणी म्हणालं, 'ताई, नवीन बॅटरी टाका,' तर ऐकू नका.

चौथी एक तऱ्हा आहे. किल्ली पुढे दाबून धरली की गाडी चालू होते आणि किल्ली सोडली की त्याच क्षणी बंद पडते. हे बघून लोक कार्बोरेटर उघडत बसतात. खरं तर दोष बहुधा किल्लीच्या स्विचमध्ये असतो. स्टार्टच्या जागी करंट मिळतो, ऑनच्या जागी मिळत नाही. ज्या गाड्यांत कॉइलच्या आधी रेझिस्टन्स असतो तिथे तो जळला तरी असंच होतं.

आणि किल्ली फिरतच नसेल तर जोर लावू नका. उतारावर किंवा चाक वळवून उभी केलेली गाडी असेल तर स्टिअरिंगचं लॉक अडकलेलं असतं. स्टिअरिंग किंचित डावी-उजवीकडे हलवत किल्ली फिरवा, सुटतं. नाक्यावर बनवलेल्या डुप्लिकेट किल्लीचीही डुप्लिकेट काढलेली असते, तिचे दात झिजलेले असतात. मूळ किल्ली कपाटात ठेवायची ती नवीन डुप्लिकेट काढायला तरी बाहेर काढावी.

आता बॅटरीकडे वळू, कारण घोळ सर्वांत जास्त तिथेच असतो. हात घालण्याआधी दोन गोष्टी. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, केस बांधा. इंजिन चालू असताना पट्टा फिरत असतो, त्यात ओढणी गेली तर माणूस जातं. दुसरं म्हणजे हातातल्या धातूच्या बांगड्या, अंगठी काढा आणि मंगळसूत्र आत घाला. बॅटरीच्या दोन टोकांना धातू एकदम टेकला तर बांगडी क्षणात लालबुंद होते. बॅटरीतून जळणारा वायूही निघतो, म्हणून तिथे काडी, उदबत्ती, चिमणी काही नको. नवीन गाडीला ओवाळतानाही निरांजन तिथून लांबच ठेवा. आतलं पाणी म्हणजे ॲसिड आहे. डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्याने बराच वेळ धुवायचं आणि दवाखाना गाठायचा.

टोकांवर पांढरा-हिरवा बुरा साठलेला दिसेल. तो करंटच्या वाटेत बसतो. तो काढायचा तर आधी काळी, म्हणजे उणे खुणेची वायर सोडवा, मग लाल. लावताना उलट, आधी लाल, शेवटी काळी. कारण साधं आहे. गाडीचं सगळं लोखंड उणे टोकाला जोडलेलं असतं. काळी वायर आधी काढली की पाना चुकून कुठे टेकला तरी ठिणगी उडत नाही. गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या दातघासणीने टोकं घासा. पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोरडं करून पॉलिश पेपर फिरवा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीनचा हात द्या. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पाण्याची पातळी बघा, कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड पाणी घाला. नळाचं नाही, फिल्टरचंही नाही.

मल्टिमीटर ही विजेच्या दुकानात मिळणारी स्वस्त वस्तू आहे आणि गटाकडे एक असावी असं माझं ठाम मत आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर 12.6 व्होल्ट आले तर ती पूर्ण भरलेली. 12.2 म्हणजे निम्मी. 12 च्या खाली गेली तर आधी चार्ज करायची. गाडी चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा दिसले पाहिजेत. तेवढे दिसत नसतील तर अल्टरनेटर बॅटरी भरत नाही. मग नवीन बॅटरी घातली तरी ती आठवड्यात उतरेल आणि पैसे फुकट जातील.

इथे आमच्याकडचीच एक गोष्ट सांगते. शहापूरकडच्या एका गटाची ओम्नी, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात. फराळाची ऑर्डर होती, चकल्या-शंकरपाळ्यांचे डबे भरून तयार. गाडी टक टक करून थांबली. एका मेकॅनिकने सेल्फ गेला म्हणून सांगितलं आणि दुसरा बसवला. दोन दिवसांनी पुन्हा टक टक. मग बॅटरी बदलायला सांगितली, तीही बदलली. गटाच्या त्या महिन्याच्या नफ्यातून हे सगळं गेलं, आणि माल शेवटी भाड्याच्या टेम्पोतून नौपाड्यात आला, तोही एक दिवस उशिरा. तिसऱ्या वेळेला गटातल्याच एका वहिनींच्या लक्षात आलं की किल्ली फिरवली की इंजिनकडून बॉडीला जोडलेली तांब्याची जाळीदार पट्टी गरम होते. ती अर्थिंगची पट्टी. तिचा बोल्ट गंजला होता. काढून घासून परत आवळली आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. जुना सेल्फ चांगला होता की नाही हे आता कळायला मार्ग नाही, कारण तो मेकॅनिकनेच ठेवून घेतला.

अर्थिंगबद्दल कोणी सांगत नाही. करंट लाल वायरने जातो तसा लोखंडातून परतही यायला लागतो. परतीची वाट बंद असेल तर जायची वाट कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. तपासायचं असेल तर जंपर केबलने बॅटरीचं उणे टोक आणि इंजिनचं उघडं लोखंड थेट जोडा आणि किल्ली फिरवा. गाडी उचलली तर दोष अर्थिंगचाच.

आता इंजिन फिरतंय पण पेट घेत नाही, ती बाजू. टाकीत पेट्रोल आहे का हे आधी बघा. हसू नका. जुन्या गाडीचा काटा अर्धी टाकी दाखवत असतो आणि टाकी कोरडी असते. वास घ्या. चोक ओढून बराच वेळ सेल्फ मारल्यावर पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर पेट्रोल जास्त झालंय, प्लग भिजलेत. चोक आत ढकला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा, पण एका वेळी पाच-सात सेकंदच. मग अर्धा मिनिट थांबा. सलग घरघर करत राहिलात तर सेल्फ तापतो आणि बॅटरी उतरते. एका दुखण्याची दोन होतात.

वास नाही, पेट्रोल आहे, तर ठिणगी बघायची. यासाठी दोघी लागतात. आधी एकाच प्लगची वायर टोपणाला धरून काढा, वायरला धरून ओढू नका. प्लगभोवतीची माती फुंकून टाका, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते. प्लगच्या पान्याने प्लग काढा, पुन्हा वायरच्या टोपणात बसवा आणि प्लगचं लोखंडी अंग इंजिनच्या लोखंडाला नीट टेकवून ठेवा. प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ठिणगीने पेट घेते. हाताने धरू नका, रबरी मुठीच्या पकडीने धरा. गॅसची गाडी असेल तर सिलिंडरचा कॉक आधी बंद. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवला आहे त्यांनी लांब उभं राहायचं. मग दुसरीने गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून किल्ली फिरवायची. निळी, कडक, चटचट आवाजाची ठिणगी दिसली तर काडी ठीक, पेट्रोलकडे बघा. पिवळी किंवा लालसर, मरगळलेली असेल तर कॉइल, कंडेन्सर, पॉइंट यांपैकी काहीतरी थकलंय. ठिणगीच नाही तर तो प्लग बदलून बघा आणि दुसऱ्या वायरवरही बघा. एकाच वायरवर नसेल तर ती वायर किंवा डिस्ट्रिब्युटर कॅपचं ते टोक खराब. तिन्हींवर नसेल तर दोष मागे, कॉइल ते रोटर या भागात. पॉइंटच्या गाडीत पॉइंटच्या टिकल्या जळून काळ्या पडलेल्या असतात, त्यांच्यामधून पॉलिश पेपरची पट्टी हलकेच फिरवली तरी गाडी घरापर्यंत येते.

प्लगवायर एकावेळी एकच काढायची, हे पुन्हा सांगते. तिन्ही काढल्या आणि अदलाबदल झाली तर काडी भलत्या चुलीत पडते. ओम्नीचा क्रम 1-3-2 असा असतो, पद्मिनीचा 1-3-4-2. घरी असताना वायरींना नेलपॉलिशने एक, दोन, तीन ठिपके देऊन ठेवा.

काढलेला प्लग फेकून देण्याआधी त्याचं तोंड बघा, ते बरंच बोलतं. विटकरी-तपकिरी असेल तर इंजिनची तब्येत छान. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जळतंय, चोक अडकलाय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. पितळी घासणीने घासून परत लावता येतो. तेलकट काळा असेल तर ऑइल वर चढतंय, ते मोठं काम, त्यासाठी पैसे बाजूला काढायला लागा. पांढराफटक असेल तर इंजिन तापतंय. दोन टोकांमधली फट ओम्नीत साधारण 0.7 ते 0.8 मिलिमीटर असते, फिलर गेजच्या पातळ पट्टीने मोजता येते. झिजून ती वाढली की ठिणगीला उडी मारता येत नाही.

बायका आणि ठिणगीची वायर यावरून एक जुनी गोष्ट आठवते. मोटारगाडी जगात नवी होती तेव्हा, ऑगस्ट 1888 मध्ये, जर्मनीतल्या बर्था बेंझ या बाई नवऱ्याने बनवलेली तीन चाकांची गाडी घेऊन दोन मुलांसह माहेरी निघाल्या. मानहाइम ते फोर्झहाइम, शंभर किलोमीटरच्या वर. नवऱ्याला सांगितलंही नव्हतं. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने साफ केली. ठिणगीच्या वायरचं वेष्टन घासून गेलं, तिच्यावर मोजे बांधायचा पट्टा गुंडाळला. इंधन संपलं ते औषधाच्या दुकानातून घेतलं. संध्याकाळी माहेरी पोहोचल्या आणि नवऱ्याला तार केली. इतक्या लांबचा प्रवास मोटारने कोणीच केला नव्हता, पुरुषांनीही नाही. टोपीची पिन आपल्याकडे नसते, पण अंबाड्याची असते!

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे चार महिने तोच कारभार. ओम्नीचं इंजिन खाली, रस्त्यावरच्या डबक्यातलं पाणी उडून थेट वायरींवर. वीस हजार व्होल्टला ओलावा म्हणजे फुकटची वाट. ठिणगी प्लगपर्यंत न जाता वायरच्या भेगेतूनच लोखंडाला पळते. रात्री अंधारात सीट उचलून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा, निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात, भेग कुठे आहे ते लगेच कळतं. उपाय म्हणजे कोरडं सुती फडकं. जुनी धुतलेली साडी यासाठी उत्तम. वायरी पुसा, डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडून आतून पुसा, केसासारखी काळी रेघ दिसली तर ती भेग आहे आणि कॅप बदलायलाच हवी. लाकडं पेटवून किंवा स्टोव्हची धग देऊन इंजिन वाळवायचा प्रयत्न करणारी माणसं मी पाहिली आहेत. पेट्रोलच्या नळीशेजारी जाळ? ते अजिबात नको.

सीएनजी किंवा एलपीजी बसवलेली गाडी असेल तर एक खूण लक्षात ठेवा. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरकस ठिणगी लागते. म्हणून प्लग आणि वायरी थकल्या की गाडी आधी गॅसवर कुरकुरते, पेट्रोलवर मात्र सुरळीत चालते. तसं झालं तर गॅसचं किट उघडायच्या आधी प्लग बघा. सकाळी गाडी पेट्रोलवर चालू करून गरम झाल्यावर गॅसवर घ्यायची सवयही बरी.

गाडी थंड असताना चालते, घाट चढून तापली की बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू होते, असं होत असेल तर ती भूतबाधा नाही. कॉइल, कंडेन्सर किंवा इलेक्ट्रॉनिक भाग तापल्यावर दम सोडतो. बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच ठिणगी बघा. गॅरेजपर्यंत गाडी थंड झालेली असते, तिथे दोष सापडत नाही, म्हणून तुम्ही वाटेत काय पाहिलं ते फार मोलाचं. उन्हाळ्यात कार्बोरेटरच्या गाडीत नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊनही असंच होतं, पण तेव्हा ठिणगी छान असते. बोनेट किंवा सीट उघडी ठेवून थांबायचं आणि नळीवर ओलं फडकं टाकायचं.

धक्का मारणं सगळ्यांना येतं, तरी दोन शब्द. बॅटरी अशक्त असेल तेव्हाच त्याचा उपयोग. ठिणगीच नसेल तर अंबरनाथपर्यंत ढकललीत तरी गाडी चालू होणार नाही. किल्ली ऑन, क्लच दाबलेला, दुसरा गिअर, वेग आल्यावर क्लच झटकन सोडायचा. उतारावर गाडीच्या पुढे कोणी उभं राहायचं नाही. यापेक्षा जंपर केबल बरी. लाल वायर दोन्ही बॅटरींच्या अधिक खुणेला, काळी चांगल्या बॅटरीच्या उणे खुणेला, आणि काळीचं शेवटचं टोक आपल्या गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब.

फ्यूज गेला तर तेवढ्याच अँपिअरचा घालायचा. चॉकलेटची चांदी किंवा तार गुंडाळायची नाही. वायरिंगला आग लागते ती अशीच. आणि छोटा हत्ती किंवा पिकअप डिझेलचा असेल तर त्यात स्पार्क प्लग शोधत बसू नका, डिझेलला ठिणगी लागतच नाही, ते दाबाने तापलेल्या हवेत पेटतं. तिथे बॅटरी, अर्थिंग आणि सेल्फ एवढंच आपलं.

गाडीत एक डबा ठेवा. दहा नंबरचा पाना, प्लगचा पाना, एक चांगला जुना प्लग, फ्यूज, पॉलिश पेपर, इन्सुलेशन टेप, सुती फडकं, टॉर्च, जंपर केबल. डब्याची जबाबदारी दर महिन्याला वेगळ्या सदस्येकडे द्या, म्हणजे सगळ्यांचे हात त्याला लागतात.

गॅरेजमध्ये जायची वेळ आलीच तर 'गाडी चालू होत नाही, बघा' असं सांगू नका. 'सेल्फ जोमात फिरतो, पेट्रोल आहे, तिन्ही प्लगला ठिणगी नाही' असं सांगा. त्या एका वाक्याने समोरच्याचं बोलणं बदलतं. भाग बदलायचा असेल तर आधी भाव विचारा, बिल मागा आणि जुना भाग परत मागून घ्या. तो आपला आहे, गटाच्या पैशाचा आहे. बॅटरी जुनी देऊन नवीन घेतली तर जुनीचे पैसे वजा झालेत का ते बघा आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख पडल्याशिवाय दुकान सोडू नका. हे सगळं गटाच्या वहीत एका पानावर लिहा: तारीख, किलोमीटर, काय लक्षण होतं, काय बदललं, किती दिले. पुढच्या वेळी वाहन दाखवायला दुसरी सदस्य गेली तरी ते पान तिच्या हातात असेल.